मुलांना संशय शिकवावा काय?

२०२५ सालच्या मे महिन्यात अहिल्याबाई होळकरांच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण झाली. आमच्या इंदुरात त्या निमित्ताने शाळाशाळांतून निबंध, भाषणे, चित्रे यांची धामधूम उडाली होती. पूर्वी अशा वेळी मूल ग्रंथालयात जाई, नाहीतर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारी. आता ते मोबाईल उघडते, दोन शब्द लिहिते, आणि दहा-वीस पाने क्षणात पुढे येतात. त्या पानांतून एक गोष्ट हमखास सापडते. राजवाड्याजवळच्या आडा बाजारात मालेरावाच्या रथाखाली एक वासरू सापडून मेले. गाय वाटेतच बसून राहिली. अहिल्याबाईंना हे कळताच त्यांनी पोटच्या मुलालाही त्याच रीतीने रथाखाली घालण्याची शिक्षा फर्मावली. कोणी सारथी पुढे होईना तेव्हा त्या स्वतः रथावर बसल्या. पण गाय आडवी आली, पुनःपुन्हा आडवी आली, आणि म्हणून त्या जागेला आडा बाजार हे नाव पडले.

गोष्ट सुंदर आहे. इंदुरात वाढलेल्या प्रत्येकाने ती कानाने ऐकलेली आहे. पण निबंधात ती इतिहास म्हणून लिहावी काय, असे एखाद्या मुलाने विचारले तर शिक्षकाने काय सांगावे? बहुतेक वेळा उत्तर मिळते, “अरे, इतक्या ठिकाणी दिले आहे, म्हणजे खरेच असणार.” आमचा विचार ह्या उत्तरापासून सुरू होतो.

मोशेच्या नियमशास्त्रात एका साक्षीदाराच्या तोंडावरून कोणाला दोषी ठरवू नये, दोन किंवा तीन असावेत, असा दंडक आहे. शब्बाथशाळेच्या मुलांना तो ठाऊक असतो. त्यांनाच विचारावे, की एका माणसाने साक्ष दिली आणि नऊ जणांनी ती ऐकून तशीच पुन्हा म्हटली, तर साक्षीदार किती झाले? मुले ताबडतोब सांगतील, “एकच.” इंटरनेटवरची पुष्कळ पाने अशी असतात. एकाचे दुसऱ्याने उचलले, दुसऱ्याचे तिसऱ्याने, शब्ददेखील तेच, चूकदेखील तीच. मोजणी पानांची करून भागत नाही, साक्षीदारांची करावी लागते. आणि शोधून देणारे यंत्र जे पान सर्वांत वर ठेवते ते खरे म्हणून वर ठेवते असेही नाही. पुष्कळांनी उघडलेले, पुष्कळांनी जोडलेले, शोधलेल्या शब्दांशी अधिक जुळणारे, अशा हिशेबांवर ते चालते.

मालेरावाच्या बाबतीत एक जुना साक्षीदार सापडतो. सर जॉन मॅल्कम ह्या इंग्रज अधिकाऱ्याचा मध्य हिंदुस्थानविषयीचा ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध झाला. अहिल्याबाई १७९५ साली वारल्या, म्हणजे मॅल्कम माळव्यात चौकश्या करीत होता तेव्हा त्यांना प्रत्यक्ष पाहिलेली माणसे हयात होती. त्याच्या लिहिण्याप्रमाणे मालेरावाचे डोके ठिकाणावर नव्हते; १७६७ साली तो आजाराने गेला, आणि आई त्याच्या उशाशी बसून होती. म्हणजे मरण अंथरुणावर आले, रथाखाली नव्हे. त्या मरणात आईचा हात असल्याची कुजबुज मॅल्कमच्याही कानांवर आली होती. चौकशीअंती त्याने ती खोटी ठरवली. हा ग्रंथही आज त्याच इंटरनेटवर, छापील पानांच्या चित्रांसह, फुकट वाचावयास मिळतो. केवळ तो पहिल्या पानावर येत नाही. त्याला शोधत जावे लागते.

मॅल्कमचा शब्दही वेदवाक्य मानू नये. तो परका होता, राज्यकर्ता होता, त्याचे स्वतःचे हेतू होते. पण मुलांना एवढे दिसते की एक जण “मी अमक्याअमक्याला विचारले” असे सांगतो आणि दुसरा नुसताच सांगतो. ह्यातला फरक एकदा मनात बसला म्हणजे पुष्कळ काम झाले. आडा बाजाराची गोष्ट टाकून द्यावी असेही आमचे म्हणणे नाही. लोकांनी आपल्या राणीच्या न्यायाविषयी काय मानले ह्याची ती साक्ष आहे. निबंधात ती दंतकथा म्हणून यावी, म्हणजे झाले.

येथवर कोणाची हरकत नसावी. हरकत पुढे येते. आमच्या मंडळ्यांतील कित्येक वडील माणसे म्हणतात, “मुलांना प्रत्येक गोष्ट तपासावयास शिकवाल तर उद्या ती आईबापांना तपासतील, शिक्षकांना तपासतील, परवा शास्त्रलेखांना हात घालतील. विश्वास ठेवणारी लेकरे आम्हांला हवी आहेत, संशय घेणारी नकोत.” ही हरकत हलक्यावारी नेण्याजोगी नाही. ज्याला काहीच खरे वाटत नाही असा तरुण आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याला वर्तमानपत्र विकलेले वाटते, डॉक्टर लुबाडणारा वाटतो, पाळक ढोंगी वाटतो. तो शहाणा झालेला नसतो, नुसता एकटा पडलेला असतो. असली पिके आपण शब्बाथशाळेत काढावीत असे कोण म्हणेल?

पण अडचण खरोखर विश्वास कमी पडल्याची आहे की संशय कमी पडल्याची, हे आधी पाहू. त्यासाठी दूर जावयास नको.

१ एप्रिल २०२० रोजी, करोनाची टाळेबंदी लागून आठवडा झाला होता, तेव्हा इंदुरातील टाटपट्टी बाखल ह्या वस्तीत आरोग्य विभागाचे पथक गेले. एका रुग्णाच्या संपर्कात आलेल्या लोकांची तपासणी करावयाची होती. जमावाने पथकावर दगडफेक केली. दोन महिला डॉक्टरांना दुखापत झाली. त्यांतील एक मुसलमान होती, एक हिंदू. त्या गल्ल्यांतून मोबाईलवर काय फिरत होते, हे तेव्हाच्या बातम्यांतून आले आहे. हे लोक धडधाकट माणसांना उचलून नेतात आणि त्यांना रोगाची सुई टोचतात, अशी अफवा होती. ज्यांना दगड लागले त्या दोघी लगेच पुन्हा कामावर गेल्या. काही दिवसांनी मुसलमान समाजातर्फे शहरातल्या वर्तमानपत्रात जाहीर माफी छापली गेली.

ह्या प्रसंगाकडे पाहून पुष्कळ लोक म्हणतात, “अडाणी माणसे, कशावरही विश्वास ठेवतात.” आम्हांला तसे वाटत नाही. त्या जमावाजवळ संशयाची काही कमतरता नव्हती. दारात उभ्या असलेल्या, नावगाव सांगणाऱ्या, उद्याही भेटू शकणाऱ्या बाईवर त्यांनी संशय घेतला. आणि जो दिसत नाही, ज्याचे नाव नाही, जो कोणालाही जबाबदार नाही, अशा चित्रफितीवर त्यांनी विश्वास ठेवला. संशय होता, विश्वासही होता. दोन्ही चुकीच्या जागी पडले. त्याच आठवड्यांत ह्याच चुकीचा दुसरा चेहराही आपल्या प्रांताने पाहिला. रायसेनच्या एका मुसलमान फळविक्रेत्याची चित्रफीत महामारी पसरविण्याचा कट म्हणून देशभर फिरली. ती फेब्रुवारीतली, टाळेबंदीच्या कितीतरी आधीची होती. तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांत चांगली शिकलीसवरलेली, पदवीधर माणसे होती. तारीख पाहावयास कोणी थांबले नाही.

तेव्हा मुलांना संशय शिकवावा काय, ह्या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे, की संशय त्यांना कोणी शिकवावा लागत नाही. तो हवेतून येतो. शिकवावे लागते ते विश्वास कोठे ठेवावा हे. आणि ते शिकवणे म्हणजे श्रद्धेच्या विरुद्ध जाणे नव्हे. प्रेषितांच्या कृत्यांत बिरुयातील लोकांची वाखाणणी आहे ती काय म्हणून? त्यांनी वचन उत्सुकतेने ऐकले आणि तसेच आहे की नाही हे दररोज पडताळून पाहिले, म्हणून. पौलासारख्या माणसाचे बोलणे पडताळले म्हणून त्यांना कोणी उद्धट म्हटले नाही.

आता दुसरी बाजू. ऐकणाऱ्याची जबाबदारी एक, पुढे सांगणाऱ्याची त्याहून मोठी. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा हे गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी तेथे पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, सोलापूरकडची, भिक्षा मागत फिरणारी माणसे होती. मुले पळविणारी टोळी आली आहे, असे निरोप त्या भागात मोबाईलवर फिरत होते. त्या काळात देशभर फिरलेल्या अशा चित्रफितींपैकी एक तर मुळात कराचीची होती. मोटारसायकलवरून दोघे येतात, मूल उचलतात, पळतात. मूळ चित्रफितीत ते परत येतात, मूल उतरवतात आणि मुलांची काळजी घ्या असा फलक दाखवतात. मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली ती जाहिरात होती. कोणीतरी शेवट कापला. ज्याने कापला त्याचे पाप उघड आहे. पण त्यानंतर ज्या हजारो हातांनी ती पुढे ढकलली, त्यांचे काय? “मी काही लिहिले नाही, आले ते पाठवले,” असे प्रत्येक जण म्हणेल.

दहा आज्ञांतील नववी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याची मनाई करते. मुलांना ती शिकवताना आपण न्यायालयाचे चित्र उभे करतो. मुलाला वाटते, मी कधी न्यायालयात जाणार नाही, ही आज्ञा माझ्यासाठी नाही. त्याला हे सांगावयास हवे की “पुढे पाठवा” हे बटण दाबणे म्हणजे साक्ष देणे होय. कारण ज्याला ते मिळते तो निरोपावर विश्वास ठेवत नाही, पाठवणाऱ्यावर ठेवतो. आत्याने पाठवले, सरांनी पाठवले, पाळकांनी पाठवले, म्हणून तो मानतो. आपण आपले चांगले नाव त्या निरोपाला उसने देतो. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० मध्ये फार वेळा फिरलेल्या निरोपांसाठी ती एकावर आणली. बरे झाले. पण यंत्राने हात धरला म्हणजे मनाने धरला असे होत नाही.

येथे आपल्याच घरातले बोलावयास हवे. अफगाणिस्तानात ठराविक संख्येच्या मिशनऱ्यांना उद्या दुपारी ठार मारणार आहेत, प्रार्थना करा आणि सर्वांना कळवा, असा निरोप ख्रिस्ती मंडळ्यांतून २००९ पासून निरनिराळ्या रूपांत फिरत आला आहे. २०२१ साली तालिबान पुन्हा सत्तेवर आले तेव्हा तो नव्याने उगवला. त्यातला “उद्या” कधीच येत नाही. २००७ साली कोरियातील मंडळीच्या तेवीस जणांचे तेथे खरोखर अपहरण झाले होते आणि त्यांतील दोघे मारले गेले. खऱ्या दुःखाची आठवण ताजी होती म्हणूनच खोटा निरोप मनाला पटला. कोणी म्हणेल, प्रार्थनाच केली ना, कोणाचे काय बिघडले? बिघडते. शेजारच्या गल्लीतल्या माणसाकडे आपण त्या निरोपानंतर निराळ्या डोळ्यांनी पाहू लागतो. आणि खऱ्या संकटाचा निरोप जेव्हा येईल, तेव्हा मुले म्हणतील, पुन्हा तेच.

शिकवावयाचे कसे? ह्याविषयी थोडे संशोधन झाले आहे आणि ते शिक्षकांना उपयोगी आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग व सारा मॅक्ग्रू ह्यांनी २०१७ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. दहा इतिहासाचे विद्वान, पंचवीस विद्यार्थी आणि वर्तमानपत्रांसाठी बातम्यांची सत्यता तपासणारे दहा जण, असे पंचेचाळीस लोक संगणकापुढे बसवले. त्यांना बालरोगतज्ज्ञांच्या दोन संस्थांची संकेतस्थळे दाखवली. एक १९३० साली स्थापन झालेली, हजारो सभासदांची; दुसरी मतभेदावरून २००२ साली फुटून निघालेला लहान गट. नावे मिळतीजुळती, दोन्ही पाने नीटनेटकी. विद्वान आणि विद्यार्थी त्या पानावरच खिळून राहिले. त्यांनी मजकूर बारकाईने वाचला, बोधचिन्ह पाहिले, तळटिपा पाहिल्या, आणि विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून अधिक फसले, विद्वानांतलेही कित्येक. बातम्या तपासणारे मात्र अर्ध्या मिनिटात त्या पानातून बाहेर पडले. ही संस्था कोण, हिच्याविषयी इतर लोक काय म्हणतात, हे त्यांनी दुसरीकडे जाऊन पाहिले. ते एकूण एक बरोबर निघाले.

ह्यात आपल्या जुन्या सवयीला धक्का आहे. लक्षपूर्वक वाच, शेवटपर्यंत वाच, असे आपण मुलांना सांगत आलो. पुस्तकाच्या बाबतीत ते ठीकच आहे, कारण पुस्तक हातात येईपर्यंत संपादक, प्रकाशक, ग्रंथपाल अशा तिघाचौघांनी ते चाळणीतून काढलेले असते. ती चाळणी आता मुलाच्या हातात आली आहे. मुलगी पाहावयास गेलेले लोक तिच्या घरच्यांनी सांगितले तेवढ्यावर थांबत नाहीत. गावात चार ठिकाणी विचारतात. एवढे व्यवहारज्ञान आपल्या आयाबायांना आहेच. तेच मोबाईलला लावावयाचे. छायाचित्र संशयास्पद वाटले तर ते चित्रच शोधयंत्रात घालून ते आधी कोठे व केव्हा छापले गेले हे पाहता येते. दहावीतले मूल पाच मिनिटांत शिकते. आणि सगळ्यात आधी, मन खवळले असेल तर थांबावयाचे. ज्या निरोपाने राग येतो किंवा गहिवरून येते, तोच आधी तपासावयाचा.

एक तास व्याख्यान देऊन हे होईल अशी मात्र आशा नको. सुमित्रा बद्रीनाथन ह्या संशोधिकेने २०१९ च्या निवडणुकीच्या वेळी बिहारात सुमारे बाराशे प्रौढांवर हा प्रयोग केला. घरी जाऊन तासभर शिकवले, आणि सरासरीने काहीच फरक पडला नाही. पुढे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिहारमधीलच गावांच्या ग्रंथालयांतून आठवी ते बारावीच्या तेरा हजारांहून अधिक मुलांवर दुसरा प्रयोग केला. ह्या वेळी चौदा आठवड्यांच्या काळात पाठ घेतले. खरे-खोटे ओळखण्यात मुले पुढे गेली, चार महिन्यांनीही ते टिकले, आणि आश्चर्य असे की त्यांच्या आईबापांतही फरक दिसला. केरळात कण्णूर जिल्ह्यातील सरकारी शाळांतून २०१८ साली असे वर्ग घेतले गेले, आणि २०२४ साली राज्याच्या पाचवी व सातवीच्या संगणक-पुस्तकांत हा विषय आला. शाळांना अभ्यासक्रमाची वाट पाहावी लागते. शब्बाथशाळेला दर आठवड्याचा तास आधीपासूनच आहे, आणि मुलेही तीच तीच वर्षानुवर्षे येतात. महिन्यातून एकदा पंधरा मिनिटे दिली तरी वर्षाला तीन तास होतात.

आईबापांचा उल्लेख आला, तेथे सर्वांत अवघड जागा आहे. बारा वर्षांच्या नातवाने आजोबांच्या निरोपाखाली सर्वांदेखत “हे खोटे आहे” असे लिहिले तर? निरोप खोटाच असेल, पण आजोबांचा मान गेला, आणि पाचवी आज्ञाही मुलाला आपणच शिकवली होती. काही शिक्षक म्हणतात की सत्यापुढे मान-अपमान पाहू नये. आम्ही त्या मताचे नाही. खरे बोलण्याची रीत हा खऱ्याचाच भाग आहे. मुलाने आजोबांजवळ जाऊन बसावे, “आजोबा, हे कोठले असेल, आपण पाहू या का?” असे म्हणावे, आणि मोबाईल त्यांच्याच हातात द्यावा. पुष्कळदा आजोबाच मग सांगतात, त्यांच्या तरुणपणी कोणती अफवा कशी पसरली होती ते. मात्र निरोपाने एखाद्या माणसाच्या जिवाला धोका असेल तर एवढा वेळ नसतो. तेथे मुलाने बोलावे आणि मोठ्यांनी ऐकून घ्यावे. दोहोंतली सीमा कोठे, हे सांगणारे सूत्र आमच्याजवळ नाही. प्रत्येक घराने ते बसून ठरवावे.

आता तर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर जुळवून देणारी यंत्रेही आली आहेत. ती पाने दाखवण्याऐवजी थेट निबंध लिहून देतात, आणि कधीकधी नसलेले दाखले असल्यासारखे देतात. २०२३ साली न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी अशा यंत्राने रचलेले सहा खोटे निकाल न्यायालयात सादर केले आणि पाच हजार डॉलरचा दंड भरला. वकिलांची ही कथा, तर सातवीतल्या मुलाचे काय? यंत्र गोड बोलते, अडखळत नाही, “मला ठाऊक नाही” असे क्वचितच म्हणते.

हे शेवटचे वाक्य आमच्या शाळांतूनही ऐकू येत नाही. उत्तर पूर्ण लिहिले तर गुण. “शोधले, पण नक्की सापडले नाही” असे लिहिले तर शून्य. मग मूल जे सापडेल ते भरून टाकते, आणि मोठे झाल्यावर तेच करते. शब्बाथशाळांच्या वार्षिक परीक्षांत हे बदलणे आपल्या हाती आहे. शंभरांतले दहा गुण उत्तर कोठून आणले हे सांगण्यासाठी ठेवावेत, आणि कोठे कोठे शोधूनही सापडले नाही हे ज्याने प्रामाणिकपणे लिहिले त्यालाही ते द्यावेत. आमच्याकडील दोनतीन शिक्षक-शिक्षिकांनी असे करून पाहण्याची तयारी दाखवली आहे. प्रश्नपत्रिका काढताना कोणाला काही सुचले तर अवश्य कळवावे.